श्रद्धा बदलताना आधी काय बदलतं?

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींत अजूनही भल्या सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी अडकवलेली दिसते. पानात बांधलेली चार फुलं, तुळस, बेल, दूर्वा. घरातली श्रद्धा सैल पडू लागली की तिचा पहिला माग बहुधा इथेच लागतो. आजी असेपर्यंत पुडी रोज येते. मग सगळ्यांच्या कामाच्या वेळा बदलतात, पूजा दोन मिनिटांत उरकली जाऊ लागते, मे महिन्यात गावी जाताना पुडी बंद केली जाते आणि परतल्यावर ती पुन्हा सुरू करायचं राहून जातं. पुढे संकष्टीचा उपवास सुटतो. गणपती मात्र येतोच, मग तो दीड दिवसाचा का असेना. या सगळ्या काळात ‘माझा देवावरचा विश्वास उडाला’ असं घरात कुणीही म्हटलेलं नसतं.

रोजची पूजा एकट्याने करायची असते, ती सुटली तर विचारणारं कुणी नसतं. गणपतीला काका, आत्या, चुलत भावंडं जमतात. ज्या गोष्टीला माणसांनी धरून ठेवलंय ती टिकते. श्रद्धा कशाने बदलते, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या क्रमात आहे.

श्रद्धेचा अभ्यास करणारे तिचे तीन पदर वेगवेगळे मोजतात: माणूस काय मानतो, काय करतो आणि स्वतःला कुणातला म्हणवतो. हे तीनही एकदम हलत नाहीत. नोव्हेंबर 2019 ते मार्च 2020 या काळात प्यू संशोधन केंद्र या अमेरिकी संस्थेने भारतात 17 भाषांमध्ये जवळजवळ 30,000 प्रौढांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या. त्यांतल्या 98 टक्के लोकांचा धर्म तोच होता, ज्यात ते लहानाचे मोठे झाले. अमेरिकेत याच संस्थेच्या अलीकडच्या पाहणीत 35 टक्के प्रौढांनी लहानपणीची धार्मिक ओळख सोडलेली आढळली. आपल्याकडे धर्माच्या नावाला लग्न, जात, नाती आणि वारसा बांधलेले असतात, त्यामुळे नाव सहसा हलत नाही. ‘भारतात श्रद्धा बदलतच नाही’ असा अर्थ त्या 98 टक्क्यांतून काढणं मात्र चूक ठरेल. बदल आतल्या दोन पदरांत होतो: कुणी सोवळं सोडतं, कुणी नवा गुरू करतं, कुणी नास्तिक होऊनही सत्यनारायणाला बसतं.

मग बदलाची सुरुवात कुठून होते? याचा बारकाईने केलेला एक गाजलेला अभ्यास जॉन लोफलंड आणि रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञांचा. कोरियातून आलेल्या एका छोट्या पंथात अमेरिकेतली माणसं कशी सामील होतात, हे त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात त्या लोकांत वावरून पाहिलं आणि 1965 साली सात पायऱ्या मांडल्या. मनावर दीर्घकाळ ताण असणं, त्यावर धार्मिक अंगाने उत्तर शोधायची सवय असणं, जुन्या धर्मात ते न मिळाल्याने शोधात असणं, आयुष्य वळणावर आलेलं असताना नव्या पंथाशी गाठ पडणं, तिथल्या कुणाशी जिव्हाळा जुळणं, बाहेरची नाती तुटलेली किंवा विरळ असणं, आणि शेवटी रोजचा घट्ट सहवास.

हे आपल्या भागात आणून पाहू. नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरण्याच्या गावठाणांत ‘तो हल्ली बैठकीला जातो’, म्हणजे दर आठवड्याच्या निरूपणाला जातो, हे वाक्य कानावर पडतं. समजा, ठाणे-बेलापूर रस्त्यावरची कंपनी बंद पडल्यामुळे घरी बसलेला, संध्याकाळी दारूकडे वळलेला चाळिशीतला एक माणूस आहे. शेजारचे दादा त्याला दर आठवड्याला सोबत नेतात. पहिले काही आठवडे तो फक्त बसतो. निरूपणातलं फारसं डोक्यात शिरत नाही, पण ‘काय रे, मागच्या वेळी दिसला नाहीस?’ असं विचारणारी चार माणसं मिळतात. ती भेटणार म्हणून तो त्या दिवशी पीत नाही. काही महिन्यांनी दारू सुटते आणि मग ‘माझा यावर विश्वास का आहे’ हे तो दुसऱ्यांना समजावून सांगू लागतो. बैठक, सत्संग, प्रार्थनासभा, धम्मवर्ग, इज्तेमा, काहीही घ्या. वाट बहुतेक वेळा हीच असते. माणूस भेटतो, मग कृती बदलते, आणि मत शेवटी येतं.

सातही पायऱ्या सारख्याच महत्त्वाच्या नाहीत, हे नंतर दिसलं. अमेरिकेतल्या एका जपानी बौद्ध पंथाच्या अनुयायांवर स्नो आणि फिलिप्स यांनी ही मांडणी तपासली. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आधीचा ताण किंवा शोधकवृत्ती अनिवार्य ठरली नाही. निर्णायक ठरला तो पंथातल्या माणसांशी जुळलेला जिव्हाळा आणि सततचा सहवास.

मग लोक स्वतःची कहाणी वेगळी का सांगतात? ‘त्या एका क्षणी सगळं उजळलं’ असं का म्हणतात? यात खोटेपणा नसतो. स्मृती मागाहून रचली जाते आणि नव्या गटात अनुभव सांगायची जी घडण असते, तिच्यात आपला अनुभव बसत जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घ्या. 1893 साली रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला, ही घटना सगळ्यांना ठाऊक असते. त्यांचा बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 रोजी. मधली दोनेक वर्षं वाचनाची, पत्रव्यवहाराची आणि घालमेलीची होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षं लागली, आणि त्यांच्या बाबतीत बाप्तिस्म्याच्या आधी सोवळं-ओवळं गळून पडलं होतं.

लहान मुलांच्या बाबतीत कृतीचं वजन अधिकच जाणवतं. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी 2009 साली मांडलेला मुद्दा असा, की शब्द फुकट असतात. म्हणून मूल मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा, श्रद्धेपायी ते काय सोसतात याकडे बघतं. आई निर्जळी उपवास करते, बाबा रजा टाकून पायी वारीला जातात, याचा ठसा ‘देव आहे’ या वाक्याहून खोल उमटतो. ज्या घरात देव मानतात पण देवासाठी काहीही खर्ची घालत नाहीत, तिथल्या मुलांची श्रद्धा भांडणतंट्याविना आपोआप ओसरते.

याची उलट बाजू ठाण्यातच आहे. टेंभी नाक्याजवळचं बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग 1879 सालचं. या समाजाचे पूर्वज कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवत. हिब्रू ग्रंथ आणि बहुतेक प्रार्थना विस्मरणात गेल्या होत्या, पण शनिवारी घाणा बंद असे. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. सुंता टिकली, खवले नसलेला मासा न खाण्याचा नियम टिकला, ‘शेमा’ ही एक प्रार्थना टिकली. पुढे कोचीनच्या ज्यूंशी संबंध आल्यावर ग्रंथही परत मिळाले. पोथी नसताना कित्येक पिढ्या धर्म सांभाळला तो त्या बंद घाण्याने.

संकटाचं काय? न्यूझीलंडमध्ये त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं प्रश्न विचारणारी एक पाहणी चालू असतानाच 22 फेब्रुवारी 2011 रोजी क्राइस्टचर्चला भूकंप झाला. त्यामुळे आधीची आणि नंतरची उत्तरं ताडून पाहता आली. देशात इतरत्र धार्मिकता घटत असताना भूकंपग्रस्तांत ती वाढली. धर्माकडे वळलेल्यांना आपली तब्येत सुधारल्यासारखं वाटलं नाही. उलट ज्यांची श्रद्धा या काळात सुटली त्यांनी आपली तब्येत खालावल्याचं सांगितलं.

तर्काने श्रद्धा हलते का, यावर घाईने निष्कर्ष काढले गेले आहेत. 2012 साली एक प्रयोग गाजला: रोदँच्या ‘विचारमग्न’ पुतळ्याचं चित्र पाहणाऱ्यांनी देवावर कमी विश्वास नोंदवला. प्रयोगात साठही माणसं नव्हती. 2017 साली दुसऱ्या गटाने कितीतरी जास्त लोकांवर तो पुन्हा केला, तेव्हा परिणाम दिसला नाही. मूळ संशोधकानेही तो प्रयोग कच्चा होता हे मान्य केलं. तरी ‘विचार केला की देव सुटतो’ हे वाक्य अजून फिरत असतं.

विचारांना अजिबात बळ नसतं, असं मात्र नाही. कॅनडातल्या आल्टेमायर आणि हन्सबर्गर यांनी कट्टर धार्मिक घरांत वाढून धर्म सोडलेल्या विद्यार्थ्यांना गाठलं. अशी मुलं थोडी होती, आणि त्यांची वाट खरोखर प्रश्नांची, वाचनाची, बरीच वर्षं चाललेली होती. उलट निधर्मी घरांतून धर्माकडे आलेले बहुधा माणसांच्या आणि भावनांच्या ओढीने आले होते. आत शिरायची आणि बाहेर पडायची दारं वेगळी असू शकतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मध्ये 21 वर्षांचा अभ्यास होता. मागे माणुसकीचा हक्क नाकारणारा समाज होता आणि सोबत लाखोंचा समुदाय होता. दीक्षेच्या वेळच्या 22 प्रतिज्ञांत काय मानणार नाही हे आहे, तसंच श्राद्धपक्ष करणार नाही, दारू पिणार नाही हेही आहे. नव्या श्रद्धेला रोजच्या घरात जागा कशी करून द्यायची, याची इतकी नेमकी जाण क्वचित दिसते.

घरातलं कुणी बदलू लागलं की कुटुंबं सहसा दोन चुका करतात. पहिली म्हणजे वादावादी. आपलं स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की माणूस नेमकी तीच गोष्ट घट्ट धरतो. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी 1966 साली हे सविस्तर मांडलं. दुसरी चूक म्हणजे बोलणं तोडणं. लोफलंड-स्टार्क यांची सहावी पायरी आठवा: बाहेरची नाती विरळ असणं. ती पायरी घरचेच बांधून देतात. ‘तू हे मानतोसच कसा?’ याऐवजी ‘तिथे तुम्ही काय काय करता? कोण कोण असतं?’ असं विचारावं. उत्तरातून जे कळायला हवं ते कळतं. चालू औषधं बंद करायला सांगणं, कर्ज काढून पैसे द्यायला लावणं, घरच्यांशी बोलायला मनाई करणं, यांतलं काहीही दिसलं तर मात्र स्वस्थ बसू नये.

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. आठवडाभर तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला जातोय आणि ‘मला देवाने खास कामासाठी निवडलंय’ ही खात्री अचानक आली आहे, तर तो धर्मबदल नसून उन्माद हा आजार असू शकतो. त्यावर औषधं आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे लगेच न्यावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

बाकी वेळी नातं चालू ठेवावं. धर्म बदललेल्या किंवा सोडलेल्या भावाला गणपतीला नेहमीसारखं बोलवावं. आरतीला उभं राहायची सक्ती करू नये. तो बाहेरच्या खोलीत बसला तर बसू द्यावं, आणि आरती झाली की त्याचं पान सगळ्यांच्या पंगतीत मांडावं.