सव्वीस पंधरवड्यांची सरासरी

ऑस्ट्रेलियात बेरोजगार भत्ता घेणाऱ्याला दर पंधरवड्याला आपली कमाई कळवावी लागते. कमाई वाढली की भत्ता घटतो आणि एका मर्यादेपुढे शून्य होतो. हा भत्ता वाटणाऱ्या सेंटरलिंक या सरकारी यंत्रणेने २०१६ साली लोकांनी कळवलेले जुने आकडे आयकर खात्याच्या आकड्यांशी संगणकावर ताडून पाहण्याचा मोठा उद्योग सुरू केला. पण आयकर खात्याकडचा आकडा बहुधा वर्षाचा एकगठ्ठा असायचा. ज्याने जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या आणून दिल्या नाहीत, त्याच्या वर्षाच्या कमाईला प्रोग्रॅम २६ ने भागायचा आणि तेवढी कमाई प्रत्येक पंधरवड्यात झाली असं धरायचा. फरक निघाला की ‘तुम्ही सरकारचं देणं लागता’ असं पत्र. लोकांनी या योजनेचं नाव ठेवलं रोबोडेट.

भागाकार बरोबर होता. मग बिघडलं काय?

सोपे आकडे घेऊ. समजा भत्ता ५०० डॉलर, आणि कमाईच्या प्रत्येक डॉलरमागे त्यातून अर्धा डॉलर कापला जातो. म्हणजे हजार डॉलर कमावले की भत्ता शून्य. एक विद्यार्थिनी १३ पंधरवडे बेकार होती. तिला ५०० प्रमाणे ६,५०० डॉलर मिळाले, ते तिच्या हक्काचे. पुढचे १३ पंधरवडे तिने दोन-दोन हजार कमावले आणि भत्ता घेतला नाही. वर्षाची कमाई २६,०००, सरासरी एक हजार. प्रोग्रॅमच्या लेखी ती बेकारीतही हजार डॉलर कमावत होती. भत्ता शून्य हवा होता, म्हणून सगळे ६,५०० परत करा!

गंमत अशी, की नियम सरळ रेषेचा असता तर सरासरीने काहीच बिघडलं नसतं. दोन हजारांच्या कमाईवर भत्ता उणे ५०० झाला असता, १३ अधिक आणि १३ उणे मिळून शून्य. सरासरीचं उत्तरही शून्य. पण भत्ता शून्याखाली जात नाही, रेषेला तिथे कोपरा आहे. जिथे कोपरा असतो, तिथे ‘सरासरी कमाईवरचा भत्ता’ आणि ‘भत्त्यांची सरासरी’ या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

वर्षभर सारखा पगार घेणाऱ्याच्या आकड्यांवर हा नियम तपासा, तो दर वेळी पास होईल. म्हणून असे नियम तपासताना मुद्दाम वेडीवाकडी माणसं रचावी लागतात: अर्धं वर्ष काम करणारा, एकाच महिन्यात सगळं कमावणारा, मर्यादेच्या एक डॉलर अलीकडचा, एक डॉलर पलीकडचा. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जाणारा ऊसतोड मजूर घ्या. त्याच्या कमाईला बाराने भागून काय हाती लागणार? आणि बेकार भत्ता घेणारी माणसं मुळात अशीच, कधी काम असलेली कधी नसलेली असतात. हा अपवाद नव्हे, हेच गिऱ्हाईक.

तपासणीची दुसरी वाट उलटी जाते. एक पत्र उचलायचं आणि शेवटच्या रकमेपासून मागे मागे, प्रत्येक आकडा कुठून आला ते कागदावर काढायचं. त्यासाठी प्रोग्रॅमने निर्णयाबरोबर कच्चे आकडे आणि लागू केलेला नियम नोंदवून ठेवलेला हवा. पूर्वी कर्मचारी तफावत दिसली की चौकशी करून खरे आकडे मागवत. वर्षाला जेमतेम वीस हजार प्रकरणं होत. यंत्र आल्यावर आठवड्याला वीस हजार पत्रं निघू लागली, आणि तो मधला माणूसच काढला गेला होता. माझ्या मते खरा बिघाड इथला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केवळ सरासरीवर काढलेलं देणं बेकायदा असल्याचं फेडरल कोर्टात सरकारने मान्य केलं. सुमारे ४ लाख ३३ हजार लोकांवर १.७ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचं असं देणं लादलं गेलं होतं. जुलै २०२३ मध्ये कॅथरीन होम्स यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला, तेव्हा त्यात एक जुनी गोष्टही पुढे आली: अशा सरासरीला कायद्याचा आधार नाही, असा सल्ला सरकारच्या सामाजिक सेवा खात्याच्या स्वतःच्या वकिलांनी २०१४ मध्येच देऊन ठेवला होता.