ड्युअल चॅनल मेमरी : मॉड्यूलांची जुळणी

रॅमची दोन मॉड्यूले मदरबोर्डवर दोन स्वतंत्र मार्गांवर (चॅनलांवर) बसवून मेमरी नियंत्रकाला दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करू देणारी रचना. डीडीआर या मेमरी-प्रकारापासून त्याच्या चौथ्या पिढीपर्यंत (डीडीआर४) एका चॅनलची रुंदी ६४ बिट राहिली. दोन मिळून १२८ बिट. डीडीआर४-३२०० प्रकारात (सेकंदाला ३२० कोटी हस्तांतरणे) एका चॅनलची कमाल वहनक्षमता सेकंदाला २५.६ जीबी, दोहोंची ५१.२ जीबी. हे आकडे अर्थातच सैद्धांतिक होत.

उगम : या रचनेचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. एक मत तिचे मूळ मेमरी इंटरलीव्हिंगमध्ये शोधते आणि सीडीसी ६६०० (१९६४) या महासंगणकाच्या ३२ बँकांचा (मेमरीच्या स्वतंत्र भागांचा) दाखला देते. त्या यंत्रात चुंबकीय गाभ्यांच्या एका बँकेचे आवर्तन सुमारे १ मायक्रोसेकंद चाले. तेवढा वेळ वाया जाऊ नये म्हणून पुढची मागणी दुसऱ्या बँकेकडे जाई. म्हणजे बँका अनेक असल्या तरी मार्ग सामाईक होता. दुसरे मत पेंटियमच्या (१९९३) काळातील ७२ पिनांच्या सिम मॉड्यूलांकडे बोट दाखवते. ही मॉड्यूले ३२ बिटांची आणि प्रोसेसरचा मार्ग ६४ बिटांचा, त्यामुळे ती सामान्यतः जोडीनेच बसवावी लागत. पण तेथे जोडी लागे ती एकच मार्ग पुरा भरण्यासाठी. ६४ बिटांचे डिम मॉड्यूल आल्यावर ती गरज संपली. स्वतंत्र मार्ग ही कसोटी लावली, तर वैयक्तिक संगणकांच्या घराण्यात इंटेलचे ८४० (१९९९) आणि ८५० (२०००) हे चिपसेट (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपांचे संच) आरंभाच्या अधिक जवळचे वाटतात. दोन्ही रॅम्बस कंपनीच्या वेगळ्या धाटणीच्या मेमरीसाठी होते. ८५०वर मॉड्यूले जोडीनेच घालावी लागत आणि रिकाम्या स्लॉटांतही चिप नसलेली पट्टी खोचावी लागे. डीडीआर मेमरीत ही सोय घरगुती संगणकांवर आणण्याचे श्रेय बहुधा एनव्हीडियाच्या एनफोर्स चिपसेटला (२००१) दिले जाते. प्रसार मात्र २००३ मधील इंटेल ८६५ व ८७५पी या चिपसेटांनी केला. पेंटियम ४ प्रोसेसरच्या नव्या बसला (माहितीच्या मार्गाला) सेकंदाला ६.४ जीबी हवे होते आणि डीडीआर-४०० चे एक चॅनल त्याच्या निम्मेच देई.

जुळणीची अट : ‘दोन्ही मॉड्यूले अगदी एकसारखी हवीत’ हा समज मुख्यतः ८६५-८७५पी या पिढीने रुजवला. तेथे दोन्ही चॅनल पावलाला पाऊल लावून चालत. एकच पत्ता दोन्हींकडे जाई आणि निम्मे निम्मे बिट परत येत. म्हणून दोन्हींची धारणक्षमता, चिपांची घनता व रुंदी आणि एकबाजू-दुबाजू मांडणी जुळणे आवश्यक होते. कंपनीचे नाव जुळण्याची अट तेव्हाही नव्हती. उलट एनफोर्सचे दोन नियंत्रक स्वतंत्रपणे चालत. एनफोर्स२च्या अनेक बोर्डांवर तर तीनच स्लॉट होते, एका चॅनलला दोन आणि दुसऱ्याला एक.

पुढे ही शिस्त सैलावण्यामागे कॅश-ओळीचा हिशेब आहे (कॅश म्हणजे प्रोसेसरमधील छोटी, जलद मेमरी). प्रोसेसर मेमरीतून सहसा ६४ बाइटांची ओळ उचलतो. डीडीआरमध्ये १२८ बिटांचे (१६ बाइटांचे) चार हप्ते घेतले की ओळ पुरी होई. डीडीआर३मध्ये एका वाचनाचे नेहमीचे हप्ते आठ झाले; त्यामुळे ६४ बिटांचे एक चॅनल एकट्यानेच ओळ भरू लागले. दोन्ही चॅनल जखडून चालवले तर एका वाचनात १२८ बाइट येतात, आणि त्यांतले निम्मे अनेकदा बिनकामाचे ठरतात. एएमडीच्या फेनॉम प्रोसेसरने (२००७) जखडलेली आणि मोकळी अशा दोन्ही पद्धती दिल्या होत्या. टिकली ती मोकळी. इंटेलच्या फ्लेक्स मेमरीत ४ व ८ जीबीची विजोड जोडीही चालते. दोन्हीकडचे चार-चार मिळून ८ जीबी ड्युअल चॅनलमध्ये जातात, उरलेले ४ जीबी एकाच चॅनलवर राहतात. वेग वेगळे असल्यास सामान्यतः दोन्ही मॉड्यूले मंद मॉड्यूलाच्या वेगाने चालतात.

जोडीने विकल्या जाणाऱ्या किटमध्ये ग्राहक पैसे मोजतो ते एकत्र केलेल्या चाचणीचे. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकापेक्षा जास्त वेगावर त्याला अर्थ आहे; साध्या वेगावर फारसा नाही.

बसवणी : चार स्लॉटांच्या बोर्डावर दोन मॉड्यूले बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटात घालतात. शेजारच्या दोन स्लॉटांत घातली तर संगणक सुरू होतो, पण ती सहसा एकाच चॅनलवर पडतात. चारही स्लॉट भरल्यास वेग उतरू शकतो : एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरांसाठी अधिकृत मर्यादा दोन मॉड्यूलांना डीडीआर५-५२००, चारांना डीडीआर५-३६००.

परिणाम : मोठ्या कॅशमुळे कार्यालयीन कामात फरक क्वचितच जाणवतो. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सची गोष्ट वेगळी, कारण त्याला वेगळी मेमरी नसते आणि ते याच रॅमवर चालते. ११व्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपमध्ये एकाच चॅनलवर मेमरी असेल, तर आयरिस एक्सई ऐवजी नुसते ‘यूएचडी ग्राफिक्स’ असे नाव दिसते.

डीडीआर५ (मानक २०२०) : यात एकाच मॉड्यूलात ३२ बिटांची दोन उपचॅनले असतात. मात्र एक डीडीआर५ मॉड्यूल म्हणजे जुन्या अर्थाने ड्युअल चॅनल नव्हे; एकूण रुंदी ६४ बिटच राहते.