घरगुती वातानुकूलन यंत्रांची व्यावसायिक सफाई (मुंबई)

घरातील हवा थंड किंवा उबदार राखणाऱ्या यंत्रणेची आतून सफाई आणि तिच्या जोडीने होणारी तपासणी ठरावीक काळाने जाणत्या कारागिराकडून करून घेण्याची पद्धत. मुंबईत ती ‘एसी सर्व्हिसिंग’ या नावानेच ओळखली जाते आणि व्यवहारात ती केवळ थंडाव्याच्या यंत्रापुरती मर्यादित आहे. कारण थंडी येथे नावापुरतीच: सांताक्रूझ वेधशाळेतील नीचांकी तापमानाची नोंद ७.४ अंश सेल्सिअस इतकी असून ती २२ जानेवारी १९६२ ची आहे. एरवी जानेवारीतील पहाटही पंखा मंद करण्यापलीकडे फारसे काही मागत नाही. ‘हॉट अँड कोल्ड’ प्रकारची यंत्रे दिल्लीकडे खपतात, येथे क्वचित.

थंड देशांतील चित्र वेगळे आहे. अमेरिकेत अनेक घरांत तळघरातील किंवा माळ्यावरील भट्टीची गरम हवा आणि उन्हाळ्यात थंड हवा एकाच डक्टमधून, म्हणजे हवा नेणाऱ्या पोकळ मार्गातून, खोल्याखोल्यांत जाते, आणि हे डक्ट साफ करणे हा तेथे स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याची राष्ट्रीय संघटना १९८९ मध्ये स्थापन झाली. तरीही तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेची भूमिका सावध आहे. डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे सिद्ध झालेले नाही, म्हणून आत बुरशी दिसत असेल, उंदीर-किडे शिरले असतील किंवा मार्ग धुळीने भरला असेल तेव्हाच ते काम करावे, असे ती सांगते. मुंबईत छतात लपवलेली डक्टेबल यंत्रे मोजक्या मोठ्या सदनिकांत आढळतात. बाकी शहर भिंतीवरच्या स्प्लिट आणि खिडकीतल्या विंडो यंत्रांवर चालते, आणि त्यांच्या सफाईचा प्रश्न धुळीइतकाच पाण्याचा आहे.

शहरात कृत्रिम थंडावा आधी सिनेमागृहे, हॉटेले आणि कचेऱ्यांत आला. कुलाब्याचे १९३३ मधील रिगल चित्रपटगृह हे त्याचे सुरुवातीचे ठळक उदाहरण. ब्लू स्टार (१९४३) आणि व्होल्टास (१९५४) या दोन्ही कंपन्या मुंबईतच स्थापन झाल्या, त्यामुळे या यंत्रांची दुरुस्ती जाणणारा कारागीरवर्गही येथे लवकर तयार झाला. मध्यमवर्गीय घरांत एसीचा खरा प्रसार १९९० नंतरचा. पुढे विंडोची जागा स्प्लिटने घेतली आणि सफाईचे स्वरूप बदलले. विंडो यंत्र चौकटीतून ओढून काढून गच्चीवर किंवा मोरीत नेऊन धुता येत असे. स्प्लिट मात्र बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या डोक्यावर, जागच्या जागी धुवावे लागते.

मळाचे स्वरूप

मुंबईच्या हवेतील धुळीत पुनर्विकासाच्या इमारतींतून उडणारे सिमेंट आणि रस्त्यांवरची बारीक माती यांचा वाटा मोठा आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीसंबंधी नियमावली जाहीर केली, त्यावरून प्रश्नाची व्याप्ती कळते. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकमेकांना लागून असल्याने फोडणीचा तेलकट अंशही यंत्रात ओढला जातो, आणि तेलावर बसलेली धूळ नुसत्या ब्रशने निघत नाही. समुद्राकाठच्या वस्तीत खारी हवा स्प्लिटच्या बाहेरच्या युनिटला, म्हणजे घराबाहेर लावलेल्या भागाला, खाते: आधी लोखंडी ब्रॅकेट गंजतात, मग कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या पडून भुकटी होऊन झडू लागतात. कबुतरे या युनिटच्या मागे आणि वर घरटी करतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून शहरात झालेल्या वादात आरोग्य आणि भूतदया यांचीच चर्चा अधिक झाली, पण वाळलेली विष्ठा खरवडून कंडेन्सर मोकळा करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात काय जाते, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे. असे काम मुखपट्टी बांधून आणि विष्ठा आधी भिजवून करणेच योग्य.

पाण्याची वाट

पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, २४ ते २६ अंशांच्या आसपास असतो, तर चालू यंत्राच्या कूलिंग कॉइलचे, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याचे, तापमान साधारण ५ ते १२ अंश असते. त्यामुळे खोलीतील बाष्प कॉइलवर थेंबांच्या रूपाने साचत राहते, आणि दीड टनी यंत्र दमट दिवसात ताशी एक ते दोन लिटर पाणी सहज काढते. हे पाणी कॉइलखालच्या ड्रेन ट्रेमध्ये आणि तेथून बारीक पाइपाने बाहेर जाते. फिल्टरमधून निसटलेली धूळ याच ओल्या पृष्ठभागावर चिकटते, तिच्यावर जीवाणू आणि बुरशी वाढतात, आणि काही आठवड्यांत ट्रेमध्ये बुळबुळीत, जेलीसारखा थर तयार होतो. तो सुटून पाइपाच्या तोंडाशी अडकला की पाणी भिंतीवरून घरात उतरते. ‘एसी गळतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. पाइपाला उतार कमी असणे, पाइप मध्येच लोंबून त्याला पोट येणे, बाहेरच्या टोकातून झुरळ किंवा पाल आत शिरणे, ही उरलेली कारणे. पाइपाचे टोक खालच्या मजल्याच्या छज्जावर सोडलेले असेल तर दुसरीच तक्रार उभी राहते, आणि ती कारागिराकडे न जाता सोसायटीच्या सभेत जाते.

सफाईची पद्धत

साधी किंवा ‘ड्राय’ सर्व्हिस म्हणजे फिल्टर धुणे, ब्रशने आणि हवेच्या झोताने धूळ काढणे. मुंबईच्या दमटपणात ती अपुरी ठरते, कारण मळ कोरडा नसतोच. ‘जेट’ किंवा ‘वेट’ सर्व्हिसमध्ये कारागीर आधी एमसीबी, म्हणजे विजेची कळ, बंद करतो, पुढचे पॅनेल, फिल्टर आणि हवेची दिशा ठरवणाऱ्या पट्ट्या काढतो, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) आणि मोटरची बाजू प्लास्टिकने झाकतो आणि युनिटखाली पिशवीसारखे आवरण बांधून त्याचे तोंड बादलीत सोडतो. मग छोट्या पंपाने पाण्याची धार कॉइलवर सोडली जाते. कॉइलच्या पात्या जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीच्या असल्याने धार सरळ आणि पातींच्या रेषेतच पडली पाहिजे. तिरकी किंवा फार जोराची धार पाती वाकवते आणि हवेचा मार्ग कायमचा अरुंद होतो.

सर्वांत जास्त मळ जेथे बसतो आणि सर्वांत कमी वेळा जो साफ होतो, तो भाग म्हणजे ब्लोअर. युनिटच्या तळाशी आडवा फिरणारा हा पंखा शेकडो अरुंद, वळणदार पातींचा असतो. त्यांच्या पोटात काळा थर साचला की पंखा त्याच वेगाने फिरूनही हवा कमी फेकतो, खोली थंड व्हायला वेळ लागतो आणि वास येतो. कॉइल चकचकीत करून ब्लोअर तसाच ठेवणारी सर्व्हिस अर्धवट समजावी. घरच्या माणसाला याची परीक्षा सहज करता येते: यंत्र बंद असताना हवेच्या तोंडातून टॉर्चचा उजेड आत टाकावा, पाती स्वच्छ दिसल्या पाहिजेत. ब्लोअरनंतर ट्रे आणि ड्रेन पाइप यांत पाणी ओतून वाट मोकळी झाल्याची खात्री केली जाते. बाहेरच्या युनिटमध्ये कंडेन्सर आतून बाहेर धुतला जातो, म्हणजे मळ ज्या दिशेने शिरला त्याच्या उलट बाहेर पडतो. तेथील कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या भागात, वीज बंद केल्यावरही काही काळ भार उरतो, हे शिकाऊ मदतनिसाला पहिल्या दिवशीच सांगावे लागते.

काही कारागीर झटपट चमक यावी म्हणून ॲसिड किंवा कॉस्टिक वापरतात. ॲल्युमिनियम आम्ल आणि अल्कली या दोन्हींत विरघळते, त्यामुळे या उजळपणाची किंमत पातीच्या जाडीतून आणि तिच्यावरच्या निळ्या किंवा सोनेरी संरक्षक लेपातून वसूल होते. शेवटी मारला जाणारा सुगंधी फवारा वास झाकतो. वास मुळातून गेला असेल तर त्याची गरज पडत नाही.

गॅसचा प्रश्न

शीतकाचा, म्हणजे बोलीतल्या गॅसचा, मार्ग पूर्णपणे बंद असतो. तो इंधनासारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय नवा गॅस भरणे निरर्थक आहे. तरीही ‘गॅस कमी झालाय’ हे वाक्य उन्हाळ्यात घरोघर ऐकू येते, आणि त्यामागे नेहमी लबाडीच असते असे नाही. फिल्टर, कॉइल आणि ब्लोअर मळले की कॉइलवरून जाणारी हवा घटते, कॉइलला पुरेशी उष्णता मिळत नाही, तिचा दाब आणि तापमान उतरते आणि शेवटी तिच्यावर बर्फ धरतो. गॅस कमी झाल्यावरही दाब उतरतो आणि बर्फ धरू शकतो. मळलेल्या यंत्राला दाब मोजणारे गेज लावणाऱ्या कारागिराला म्हणूनच काटा खाली दिसतो आणि तो प्रामाणिकपणेही चुकू शकतो. अशा यंत्रात गॅस भरून नंतर ते धुतले तर गॅस जास्त होतो आणि तो दाबून फिरवणाऱ्या काँप्रेसरवर ताण येतो. क्रम उलटा हवा: आधी पूर्ण सफाई, मग दहा-पंधरा मिनिटे यंत्र चालवून मोजमाप. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानात ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅसचा विषय सहसा तेथेच संपतो.

इन्व्हर्टर यंत्रांनी ही पारख आणखी अवघड केली आहे. त्यांच्या काँप्रेसरचा वेग गरजेनुसार बदलतो, त्यामुळे गेजचा काटाही हलता राहतो. शिवाय मळामुळे घटलेला थंडावा यंत्र वेग वाढवून भरून काढते. घरच्यांना फरक खोलीत न जाणवता बेस्ट, टाटा, अदानी किंवा महावितरणच्या बिलात दिसतो. या यंत्रांत गॅस भरायचाच असेल तर बाहेरच्या युनिटवरील पट्टीवर लिहिलेल्या वजनाप्रमाणे, वजनकाट्यावर तोलून भरला जातो. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा गॅस ओझोन थराला घातक असल्याने माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. नव्या यंत्रांत सरसकट आढळणारा आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि काही कंपन्यांच्या यंत्रांतील आर-२९० तर प्रोपेनच आहे. बंद खोलीत, देवघरातील निरांजन तेवत असताना, अशा यंत्राची नळी सोडणे हा निव्वळ निष्काळजीपणा होय.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन एसींसाठी २०१० पासून सक्तीचे झाले आणि १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू होताना २४ अंशांवर स्थिर असणे बंधनकारक झाले. तारे मात्र प्रयोगशाळेतील नव्या, स्वच्छ यंत्राला मिळालेले असतात. ब्लोअर मळलेल्या पंचतारांकित यंत्राकडून त्या आकड्यांची अपेक्षा करता येत नाही.

आरोग्याविषयीचे दावे

स्प्लिट यंत्र खोलीतीलच हवा फिरवते, बाहेरची ताजी हवा आणत नाही. आतील बुरशीमुळे दमा आणि ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो, आणि त्यासाठी सफाई उपयोगी आहे. न्यूमोनियासारखा आजार करणाऱ्या लिजिओनेला जीवाणूची भीती दाखवून महागडे ‘सॅनिटायझेशन’ विकले जाते, त्याला मात्र फारसा आधार नाही. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात हा आजार प्रथम ओळखला गेला तो एका हॉटेलातील मेळाव्यानंतर, आणि त्याचे नेहमीचे उगम म्हणजे मोठ्या इमारतींचे, पाण्याने उष्णता बाहेर टाकणारे कूलिंग टॉवर व कोमट पाण्याच्या यंत्रणा. घरगुती स्प्लिटच्या ट्रेमधील थंड, वाहते पाणी त्या जीवाणूला मानवत नाही.

हंगाम, कारागीर आणि करार

होळीच्या सुमारास मागणी उसळते आणि मे अखेरपर्यंत कारागीर मिळवणे कठीण होते. दुसरी लाट पावसाळा संपून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की येते, आणि खरे तर तीच अधिक महत्त्वाची, कारण चार महिने ओल्या राहिलेल्या ट्रेमधील थर तेव्हाच काढायला हवा. फिल्टर दर पंधरवड्याला घरीच नळाखाली धुवावा. वर्षातून दोन जेट सर्व्हिस बहुतेक घरांना पुरतात, समुद्राकाठी किंवा बांधकामाशेजारी तीन.

या कामाचे औपचारिक शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या दोन वर्षांच्या रेफ्रिजरेशन व वातानुकूलन अभ्यासक्रमात मिळते, पण शहरातील अनेक कारागीर दुकानातल्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेले असतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’मध्ये अशा तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आणि प्रमाणीकरण हे एक उद्दिष्ट आहे. त्यांच्या जिवाचा धोका मात्र प्रशिक्षणाने पुरता टळत नाही, कारण तो इमारतीच्या रचनेत आहे. बाहेरचे युनिट पंधराव्या मजल्याच्या उघड्या भिंतीवर, हात पोहोचणार नाही असे लावलेले असते, आणि ते धुण्यासाठी माणसाला गंजलेल्या ब्रॅकेटवर किंवा वीतभर छज्जावर पाय ठेवावा लागतो. नव्या इमारतींत त्यासाठी कठड्याची जागा सोडतात. जुन्यांत सेफ्टी बेल्ट आणि तो अडकवायला भक्कम आधार नसेल तर बाहेरच्या युनिटची सफाई नाकारण्याचा कारागिराला पूर्ण हक्क आहे, आणि घरमालकाने तसा आग्रह धरू नये.

वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, दोन प्रकारचे असतात. नॉन-काँप्रिहेन्सिव्हमध्ये फक्त सफाईच्या फेऱ्या आणि तक्रारीची भेट येते, सुटे भाग वेगळे आकारले जातात. काँप्रिहेन्सिव्हमध्ये काँप्रेसर, पीसीबी आणि गॅस यांचा समावेश सांगितला जातो, पण कॉइलची गळती आणि प्लास्टिकचे भाग बहुधा वगळलेले असतात. करारातील चार फेऱ्यांपैकी किती जेटच्या आणि किती नुसत्या ड्राय, बाहेरचे युनिट त्यात धरले आहे की नाही आणि गळती निघाल्यास खर्च कोणाचा, हे सही करण्यापूर्वी लेखी घेतले जाते.