मॉय नदीचा मासा कुणाचा?

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत बॅलिना नावाचं गाव आहे. जूनच्या सकाळी तिथल्या पुलावर उभं राहिलं की खाली मॉय नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं दिसतात. छातीपर्यंत चढवलेली रबरी विजार, हातात लांबलचक काठी. दोर पाण्यावर तिरका पडतो, धारेबरोबर वळसा घेत काठाकडे येतो. मग माणूस दोन पावलं खाली सरकतो आणि पुन्हा दोर टाकतो. तासभर असंच चालतं. कधीतरी दोर ताणला जातो, रीळ किंचाळतं आणि कठड्याला टेकलेली माणसं गप्प होतात. या जागेला रिज पूल म्हणतात. यातला ‘पूल’ म्हणजे डोह, वरून माणसं जातात तो पूल नव्हे. सॅमन गरवणाऱ्यांच्या जगात या डोहाचं नाव दूरवर माहीत आहे.

पण या डोहात काठी घेऊन उभं राहण्याचा हक्क सामान्य माणसाला सहज मिळालेला नाही. या नदीचा इतिहास म्हणजे मासा कुणाचा, या भांडणाचा इतिहास आहे.

आधी मासा समजून घेऊ. सॅमन नदीच्या खडीत जन्मतो, साधारण दोन वर्षं तिथेच वाढतो, मग वसंतात हाताच्या पंजाएवढा होऊन समुद्रात जातो. नॉर्वेजवळच्या समुद्रात, काही तर ग्रीनलंडपर्यंत जाऊन पोसतो आणि वासाच्या आठवणीवर आपल्याच नदीत विणीसाठी परततो. समुद्रात एकच हिवाळा काढून आलेल्याला ग्रिल्स म्हणतात. मॉयमध्ये मोठी गर्दी असते ती याच ग्रिल्सची, मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत. आपल्याकडे पाला समुद्रातून खाडीवाटे नदीत चढतो, तसंच हे. नदीत शिरल्यावर सॅमन खाणं बंद करतो. मग पिसांची बनवलेली खोटी माशी तो का पकडतो, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही.

याच पाण्यातला दुसरा मासा सी ट्राउट. त्याची गोष्ट वेगळी आहे. ती स्वतंत्र जात नाही. ओढ्यातला तपकिरी ट्राउटच, पण त्यातले काही समुद्राकडे जातात आणि चांदीसारखे चकचकीत होऊन परततात. आयरिश भाषेत त्याला ‘ब्रॅक ग्याल’, म्हणजे पांढरा ट्राउट म्हणतात. तो सॅमनइतका दूर जात नाही, किनाऱ्याजवळच खाडीत फिरतो. ही सवय पुढे त्याच्या जिवावर बेतली.

आता हक्काकडे. इंग्रजी कायदा आयर्लंडमध्ये रुजला तेव्हा एक रेघ ओढली गेली: भरती-ओहोटी पोचते तिथवरचं पाणी सगळ्यांचं, त्याच्या वर नदीकाठच्या जमिनीचा मालक तोच माशांचा मालक. भरतीच्या पाण्यावरसुद्धा काही जुन्या सनदा दाखवून खासगी हक्क सांगितले जात. त्यात बंधाऱ्याचं तंत्र फार जुनं. नदी आडवी अडवायची, मध्ये फटी ठेवायच्या आणि फटींत लाकडी पेट्या बसवायच्या. वर चढणारा मासा पेटीत शिरला की परतीची वाट बंद. ना गळ, ना जाळं, ना कौशल्य. सकाळी पेटी उघडायची आणि मासे काढायचे. बॅलिनाचा बंधारा अशाच पेट्यांचा होता.

मासा वर गेलाच नाही तर वीण होणार नाही, हे लोकांना फार पूर्वीपासून कळत होतं. म्हणून बंधाऱ्यात सर्वात खोल जागी एक मोकळी फट ठेवायची रीत होती. तिला किंग्ज गॅप म्हणत. १८६३ च्या कायद्याने ही फट सक्तीची केली. आठवड्याची सुट्टीही होती: शनिवारी सकाळी सहापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत जाळी-पेट्या बंद, म्हणजे तेवढे अठ्ठेचाळीस तास माशाला वाट मोकळी. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आकडेमोड नाही, मोजणी नाही, फक्त दर आठवड्याला दोन दिवसांची उसंत.

त्याआधी १८४८ मध्ये आणखी एक कायदा झाला. त्याने नदीरक्षक मंडळं नेमली आणि त्यांच्या खर्चासाठी जाळ्यांवर आणि सॅमनच्या काठीवरही परवाना शुल्क लावलं. साल बघा. बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडलेला होता आणि मेयो सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक. उपाशी माणसाच्या दारावरून सॅमन पोहत जात होता आणि त्याला हात लावणं म्हणजे चोरी होती. आयर्लंडच्या खेड्यांत रात्री चोरून मासा मारणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून बघितलं गेलं नाही, त्याची मुळं इथे आहेत. शिकारी साहेबाबरोबर जाणाऱ्या वाटाड्याला आजही गिली म्हणतात. हा शब्द गेलिक भाषेतला, आयरिशमध्ये ‘गिला’, त्याचा अर्थ पोऱ्या, गडी. नदी कुठे वळते, मासा कुठे थांबतो, हे सगळं ठाऊक असलेला माणूस गडी होता आणि काठी साहेबाच्या हातात.

मालकीच्या या भांडणाचा सर्वांत मोठा निकाल मॉयवर लागला नाही, उत्तरेला डोनेगलमध्ये अर्न नदीवर लागला. किलडोनी इथल्या मच्छीमारांनी १९२० च्या दशकात भरतीच्या पाण्यात होड्या घातल्या आणि तिथल्या मासेमारी कंपनीच्या खासगी हक्काला आव्हान दिलं. राजाचे अधिकार बांधणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या आधीपासून हा हक्क होता हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही. मच्छीमार जिंकले. कंपनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायपीठाकडे गेली, पण त्याच सुमारास आयरिश संसदेने तिकडे अपील करायची सोयच कायद्याने काढून टाकली. १९३५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेच ते मान्य केलं. सॅमनच्या जाळ्यावरून सुरू झालेलं भांडण देशाच्या सार्वभौमत्वाचा टप्पा ठरलं. पुढे अर्नवर वीजनिर्मितीचं धरण बांधलं गेलं आणि जिंकलेल्या हक्काचा मासाच आटला.

मॉयवर असं धरण झालं नाही. तिथे आला तो ड्रेजर. काठच्या शेतांतलं पाणी लवकर निचरावं म्हणून सरकारने १९६० ते १९७१ या काळात नदी आणि तिचे ओढे खोदून खोल केले. खडीचे थर, म्हणजे सॅमनची अंडी घालायची जागा, यंत्राने उचलून काठावर टाकले. ते ढिगारे अजून दिसतात. शेतकऱ्याला चिखलातून बाहेर काढायचं होतं, हेतू खोटा नव्हता. पण डोह, वळणं, उथळ धारा यांची रचना नदीने हजारो वर्षांत केलेली होती, ती अकरा वर्षांत सपाट झाली. तरीही मॉय टिकली. ती सुमारे शंभर किलोमीटर लांब आहे, ऑक्स डोंगरात उगम पावते, फॉक्सफर्डवरून वळून उत्तरेला किलालाच्या उपसागराला मिळते आणि लॉख कॉन, लॉख कलिन या सरोवरांचं पाणीही तिच्यातच येतं. इतक्या पसाऱ्यात कुठे ना कुठे वीण होत राहिली.

मग समुद्रात नायलॉन आलं. पाण्यात न दिसणारी, मैलोन्‌मैल वाहती जाळी किनाऱ्याबाहेर सोडली जाऊ लागली. १९७५ मध्ये आयर्लंडची सॅमनची पकड दोन हजार टनांच्या वर गेली. रापण असते तसं, होडीने वळसा घालून काठावर ओढायचं जाळं नदीच्या मुखाशी लागतं आणि त्यात त्याच नदीचा मासा येतो. वाहत्या जाळ्यात कोणत्या नदीचा मासा अडकला, हे कुणालाच कळत नाही. भरपूर मासे असलेल्या मॉयचा आणि शेवटचे शंभर मासे उरलेल्या एखाद्या ओढ्याचा, दोन्ही एकाच फासात. मला ही जाळी सर्वांत मोठा अन्याय वाटतात आणि ती बंद करायला तीस वर्षं लागली, हे त्याहून मोठं दुखणं.

१९८७ मध्ये बॅलिनातले मासेमारीचे हक्क सरकारने विकत घेतले. रिज पूलवर काठी लावायची तर आता मालकाची मर्जी नको, दिवसाचं तिकीट काढायचं. पुढे बंधाऱ्यातल्या पेट्या आणि तिथली जाळीही थांबली. इंग्लंडचा फुटबॉलपटू आणि आयर्लंडच्या संघाचा प्रशिक्षक जॅक चार्लटन इथे इतका रमला की त्याने गावात घरच घेतलं.

सी ट्राउटचं संकट त्यानंतर दोनच वर्षांनी आलं. १९८९ मध्ये मेयो आणि कॉनेमाराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांत मासे वेळेआधीच, मेमध्येच परतू लागले. अंग खंगलेलं, पाठीवरचे पर कुरतडलेले आणि कातडीवर समुद्री उवा चिकटलेल्या. बरिशूल नदीवर १९५० च्या दशकापासून संशोधन केंद्र आहे आणि तिथे वर जाणारा आणि खाली येणारा प्रत्येक मासा मोजला जातो. म्हणून ही पडझड आकड्यांत पकडता आली. जवळच्या खाड्यांत नुकती वाढलेली सॅमनपालनाची पिंजरा-केंद्रं आणि उवा यांचा संबंध संशोधकांनी दाखवला. पालन करणाऱ्यांनी तो नाकारला आणि वाद वर्षानुवर्षं चालला. किनाऱ्याजवळ घुटमळणाऱ्या सी ट्राउटला उवांपासून पळायला जागाच नव्हती. मॉयच्या मुखाशी, किलालाच्या उपसागरात असे पिंजरे नव्हते. तिथे होडीतून, लहानशा वाळूमाशाचं आमिष लावून सी ट्राउट गरवणं चालूच राहिलं. शेजारच्या खाड्या रिकाम्या झाल्या असताना ही एक खाडी भरलेली राहिली.

२००१ मध्ये बिल्ला आला. परवान्याबरोबर प्लास्टिकचे क्रमांकित बिल्ले आणि एक वही मिळते. सॅमन किंवा चाळीस सेंटीमीटरहून मोठा सी ट्राउट मारला की तिथेच, नदीकाठी, बिल्ला कल्ल्यातून ओवून तोंडाबाहेर काढायचा आणि आवळायचा. एकदा आवळला की कापल्याशिवाय निघत नाही. मग ओल्या बोटांनी वहीत तारीख, नदी, वजन लिहायचं. मोसम संपला की वही परत पाठवायची. बरीच वर्षं एका माणसाला वर्षाला दहाच बिल्ले, ही मर्यादा राहिली. गळाने पकडलेला सॅमन विकायलाही मनाई झाली. १ जानेवारी २००७ पासून समुद्रातली वाहती जाळी बंद झाली, मच्छीमारांना भरपाई दिली गेली आणि प्रत्येक नदीचा हिशेब स्वतंत्र मांडला जाऊ लागला. विणीला पुरून उरतील इतके मासे असतील तर मारायची परवानगी, थोडे कमी असतील तर पकडून सोडायचं, फार कमी असतील तर नदी बंद.

एवढं करूनही समुद्रातून परतणारे मासे कमीच होत गेले. १९७५ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला साधारण साडेसतरा लाख सॅमन परतत होते, असा सरकारी मत्स्यसंस्थेचा अंदाज आहे. २०२२ मध्ये तो आकडा पावणेदोन लाखांच्याही खाली होता. मॉयचा मोसम १ फेब्रुवारीला उघडतो. तेव्हा पाणी बर्फासारखं असतं आणि दिवसभर दोर टाकून बहुतेकांच्या वहीचं पान कोरंच राहतं. तरी पहाटे पुलाखाली माणसं उभी असतात आणि त्यांच्या खिशात ते न वापरलेले बिल्ले असतात.