भंगार, वीज आणि ‘दुय्यम’ पोलादाचा घोळ

गोव्यात कुणी पोलादावर पीएचडी करतो म्हटलं की लोक खाणींचा विषय काढतात. पण भंगारातून पोलाद करण्याचा धंदा इथे खाणींमुळे आला नाही. आपलं खनिज बार्जमधून मुरगावला जायचं, तिथून आधी जपानला, नंतर चीनला. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांना ओढून आणलं ते विजेने. १९९१ च्या अधिसूचनेने नव्या उद्योगांना वीजबिलात २५ टक्के सूट मिळाली. इंडक्शन भट्टी, म्हणजे चुंबकीय प्रेरणेने धातू तापवणारी विजेची भट्टी, एक टन माल वितळवायला ६०० च्या आसपास युनिट खाते, म्हणजे ही सूट म्हणजेच नफा. १९९५ साली ती मागे घेतली गेली, १९९६ च्या अधिसूचनांवरून प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढे कितीतरी निवडणुकांत गाजलं. भट्ट्या मात्र राहिल्या.

खरा घोळ आहे तो ‘दुय्यम पोलाद’ या शब्दाचा. युरोपात दुय्यम म्हणजे भंगारापासून केलेलं. आपल्याकडे सरकारी कागदांत दुय्यम म्हणजे खनिजापासून पोलादापर्यंत सगळं एकाच ठिकाणी करणाऱ्या मोठ्या एकात्मिक कारखान्यांबाहेरचे सगळे छोटे उत्पादक, मग ते भट्टीत काहीही घालोत. आणि घालतात काय? भंगारासोबत स्पंज आयर्न, म्हणजे खनिजातला ऑक्सिजन न वितळवताच काढून केलेलं लोखंड. कोळशावर केलेल्या स्पंजच्या एका टनामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यामुळे ‘आमचा माल दुय्यम, म्हणजे पुनर्वापराचा, म्हणजे हरित’ ही साखळी मधल्याच कडीत तुटते. माझ्या मते या विषयावरच्या निम्म्या लेखनाची गफलत इथेच होते. त्यात गोव्याची वीज बरीचशी कोरबा, विंध्याचलच्या औष्णिक केंद्रांतली, म्हणजे कोळशाची. युनिटमागे पाऊण किलोच्या आतबाहेर कार्बन डायऑक्साइड धरला तरी टनामागे नुसत्या वितळवण्याचेच चारशेहून अधिक किलो होतात.

दुसरी अडचण भट्टीसमोरच्या ढिगात दिसते. पत्र्याचे दाबून केलेले गठ्ठे, सळ्यांचे तुकडे, मधेच एखादी जळकी मोटर, तांब्याची वायंडिंग तशीच. लोखंडात विरघळलेलं तांबं नेहमीच्या पद्धतीने काढता येत नाही. ते वाढलं की तापलेला बिलेट, म्हणजे पोलादाचा लांबट ठोकळा, रुळांखाली लाटताना (रोलिंगमध्ये) फाटतो. इंडक्शन भट्टीला फॉस्फरसही नीट काढता येत नाही. मग भट्टीवाला स्पंज वाढवून घाण पातळ करतो, आणि कार्बनचं उत्सर्जन वाढतं. भंगार निवडणाऱ्या हातांवर सगळं अवलंबून, आणि त्या हातांची मजुरी सगळ्यांत कमी.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा. उभे राहिलेले टिपर आणि बार्ज कापले गेले, तेव्हा भंगार घरचंच झालं. २०१९ मध्ये केंद्राचं पोलाद भंगार धोरण आलं. डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरली : टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन, १.६ च्या खाली गेल्यास पाच तारे. व्याख्या आकड्याची आहे, कच्च्या मालाची नाही, हे बरं झालं. युरोपचा सीमेवरचा कार्बन शुल्काचा तगादा त्याच्या मागे आहेच.

२०२४ मध्येच केंद्राच्या एका अभियांत्रिकी संस्थेचा कायमच्या परिसराचं उद्घाटन कुंकळ्ळीत झालं, भट्ट्यांच्या शेजारी. संशोधकाला हवा तो तपशील, कुठल्या हीटमध्ये (भट्टीच्या एका खेपेत) किती स्पंज आणि किती भंगार, भट्टीवरच्या वहीत रोज लिहिला जातो. ती वही बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायला मालक सहसा तयार नसतो.