शांतीसेनेत नागरी पदासाठी अर्ज: चांगले उमेदवार नेमके कुठे अडकतात

‘शांतीसेनेत जायचंय, फॉर्म कुठे मिळेल?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुम्ही सैन्यात आहात, पोलिसात आहात, की दोन्हीत नाही? कारण संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्य नाही. निळं हेल्मेट घातलेला जवान त्याच्या देशाच्या सरकारने पाठवलेला असतो. त्याने परस्पर न्यूयॉर्कला अर्ज करून काही होत नाही. पोलिसांचं नावही सरकारकडूनच जावं लागतं. त्यासाठी वय किमान 25, प्रशिक्षणाचा काळ सोडून 5 वर्षांची सेवा आणि भाषेची व गाडी चालवण्याची चाचणी असते. खिशात परवाना आहे पण गाडीला वर्षानुवर्षे हात लावलेला नाही, अशांनी महिनाभर आधी सराव सुरू करावा.

दोन्हीत नसाल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. युद्धविरामानंतरची बोलणी पुढे नेणारे राजकीय अधिकारी, मानवी हक्कांचे निरीक्षक, अभियंते, पुरवठा आणि दळणवळण सांभाळणारे लोक, ही सगळी नागरी पदं. त्यांच्या जाहिराती संयुक्त राष्ट्रांच्या करिअर संकेतस्थळावर येतात आणि अर्ज ‘इन्स्पिरा’ या प्रणालीत भरायचा असतो. खातं उघडणं, ईमेल पडताळणी वगैरे अर्ध्या तासाचं काम आहे.

जाहिरातीत आधी पदाचा गट पाहा. ‘एनओ’ म्हणजे राष्ट्रीय अधिकारी. दक्षिण सुदानमधलं ‘एनओ’ पद दक्षिण सुदानच्या नागरिकासाठीच असतं. तुमची पात्रता कितीही असो, तिथे अर्ज करून उपयोग नाही. ‘पी’ गट आंतरराष्ट्रीय आहे: पी-2 साठी पदव्युत्तर पदवी आणि 2 वर्षांचा अनुभव, पी-3 साठी 5, पी-4 साठी 7. फक्त पदवी असेल तर साधारणपणे आणखी 2 वर्षं धरा, म्हणजे पी-3 ला 7. ‘एफएस’ म्हणजे फील्ड सर्व्हिस, तांत्रिक आणि प्रशासकीय कामांची पदं. काही जाहिराती आधीच रोस्टरवर, म्हणजे मंजूर यादीत असलेल्यांसाठीच असतात. ही ओळ न वाचता रात्र रात्र जागून अर्ज भरलेले लोक मी पाहिले आहेत.

सगळ्यात जास्त अर्ज मात्र बाद होतात ते ‘पर्सनल हिस्टरी प्रोफाइल’मध्ये, म्हणजे अर्जातल्या शिक्षण आणि नोकऱ्यांच्या तपशिलात. लोक आपला तयार बायोडेटा त्यात चिकटवतात. ‘प्रकल्प समन्वयक, विविध जबाबदाऱ्या’ एवढ्यावर एकेका नोकरीचं वर्णन संपतं. छाननी करणारा तुम्हाला ओळखत नाही आणि अर्जात जे लिहिलंय त्याबाहेर तो जातही नाही. अर्ज एकदा सादर केला की त्यात एक शब्दही बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक नोकरीचा सुरू झाल्याचा आणि संपल्याचा महिना व वर्ष, पूर्णवेळ की अर्धवेळ, हाताखाली किती माणसं आणि प्रत्यक्ष काय केलं, हे सगळं लिहा. जाहिरातीत विस्थापितांच्या छावणीतल्या कामाचा अनुभव मागितला असेल आणि तुम्ही तो घेतला असेल, तर तो शब्दांत दिसला पाहिजे. सुरुवातीच्या हो-नाही प्रश्नांना घाईत चुकीचं उत्तर दिलंत तर गाडी तिथेच थांबते.

दुसरी अडचण अनुभव प्रमाणपत्राची. निवड जवळ आली की पदव्या आणि जुन्या नोकऱ्यांचे पुरावे तपासले जातात. संघर्षग्रस्त भागात काम केलेल्यांची इथे फार ओढाताण होते. निधी संपला, संस्था बंद पडली, साहेब दुसऱ्या खंडात गेले. आता पत्र द्यायचं कुणी? नियम करणाऱ्यांना ही परिस्थिती आपल्याच मोहिमांतून ठाऊक असते, तरी कागद मागायचे ते मागतातच. म्हणून कुठलीही नोकरी सोडताना शेवटच्या दिवशीच तारखांसह पत्र घ्या, आणि वरिष्ठाचा वैयक्तिक ईमेलही.

मुदतीबद्दल: जाहिरात शेवटच्या तारखेला न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रात्री 11:59 ला बंद होते. तिथली घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तासाने सरकतात आणि त्या एका तासात अर्ज हुकतो. दोन दिवस आधीच संपवा.

भाषेच्या रकान्यात उगाच हात सैल सोडू नका. काँगो किंवा मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बहुतेक कामांना फ्रेंच लागतं आणि मुलाखतीत ते उघडं पडतं.

अनुभव कमी असेल तर युएनव्ही, म्हणजे संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक, हा मार्ग जास्त खुला आहे. 18 ते 26 वयाच्यांसाठी युवा गट आहे, तर ‘स्पेशालिस्ट’ गटासाठी वय किमान 27 आणि 3 वर्षांचा अनुभव लागतो. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकाला स्वतःच्या देशात नेमत नाहीत. नुसतं प्रोफाइल करून वाट पाहत बसू नका, विशिष्ट कामासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

अर्ज केल्यावर महिनोन्‌महिने स्थिती तीच दिसत राहते. ही शांतता माणसाला खाते, पण ती तुमच्या लायकीवरची टिप्पणी नव्हे. पदं मुळातच सुरक्षा परिषदेच्या ठरावावर आणि यजमान देशाच्या संमतीवर टिकून असतात. माली सरकारने 2023 मध्ये मोहीम मागे घ्यायला सांगितली आणि डिसेंबरअखेर ती बंद झाली. लेबनॉनमध्ये 1978 पासून असलेल्या मोहिमेची मुदत 31 डिसेंबर 2026 ला संपते आहे. तिथली अनुभवी माणसंही आता याच जाहिरातींना अर्ज करणार. हातातली नोकरी सोडून थांबू नका.

अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशासाठीही संयुक्त राष्ट्रं पैसे घेत नाहीत. ‘नेमणूक झाली, व्हिसा शुल्क भरा’ असं शिक्क्याचं पत्र आलं तर ते खोटं आहे, मग त्यावरचं बोधचिन्ह कितीही खरं वाटो.

खरी नेमणूक आली तर वैद्यकीय तपासणी आणि ‘बीसेफ’ हा मोफत ऑनलाइन सुरक्षा अभ्यासक्रम उरतो. अनेक ठिकाणी कुटुंब सोबत नेता येत नाही. हे घरी मुलाखतीच्या आधीच बोलून घ्या. नेमणूक हातात आल्यावर, जायच्या आठवड्यात नकार कळवावा लागलेल्यांचे चेहरे मी विसरलेलो नाही.