शिजलेली टर्की आणि न मेलेले बीजाणू

अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा सण, जवळ आला की अखंड टर्की (कोंबडीसारखा, पण बराच मोठा पक्षी) कशी भाजावी याविषयी भरभरून लिहिले जाते. जेवणानंतर उरलेल्या मांसाचा प्रश्न मात्र दोन ओळींत उरकला जातो. मांस नीट शिजले की त्यातले जंतू मेले आणि मग घाई करण्याचे कारण नाही, हा समज त्यामागे आहे. कच्च्या मांसातल्या बहुतेक रोगजंतूंच्या बाबतीत त्याचा पहिला भाग खरा आहे. एका जिवाणूच्या बाबतीत मात्र तो साफ चुकीचा आहे, आणि उरलेल्या टर्कीच्या साठवणुकीचे अर्धेअधिक नियम त्या एकट्यामुळेच आले आहेत.

त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. विल्यम वेल्च आणि जॉर्ज नटॉल यांनी १८९२ मध्ये त्याचे वर्णन केले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्रांच्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे दहा लाख लोक त्याच्यामुळे आजारी पडतात. असे उद्रेक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अधिक आढळतात आणि त्यांतल्या अनेकांचा माग टर्कीपर्यंत किंवा भाजलेल्या गोमांसापर्यंत पोहोचतो.

परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जिवाणू आपल्या पेशीच्या आतच एक बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात तग धरणारे स्वतःचे सुप्त रूप, घडवतो, आणि त्याची रचना थक्क करणारी असते. गाभ्यातले बहुतेक पाणी बाहेर काढले जाते, तिथे डायपिकोलिनिक आम्ल आणि कॅल्शियम यांचे संयुग भरले जाते, आणि डीएनएवर लहान, आम्लात विरघळणारी प्रथिने बसून त्याला झाकून टाकतात. पाणी कमी असल्यामुळे गाभ्यातल्या रेणूंना हलायला वाव राहत नाही, त्यामुळे उष्णतेने त्यांची घडी सहज मोडत नाही. असे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. अन्नविषबाधा घडवणाऱ्या बऱ्याच वाणांमध्ये विषाचे जनुक मुख्य गुणसूत्रावर असते, आणि त्याच वाणांचे बीजाणू उष्णता अधिक सोसतात. या वाणांमध्ये वर सांगितलेल्या लहान प्रथिनांपैकी एकात अवघ्या एका अमिनो आम्लाचा फरक असतो, आणि तेवढ्यानेच ते प्रथिन डीएनएला अधिक घट्ट धरून राहते.

आता भट्टीत काय घडते ते पाहू. मांसाचा सर्वांत जाड भाग आतून ७४ अंश सेल्सिअसला पोहोचला की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे कच्च्या मांसातले नेहमीचे रोगजंतू मरतात. बीजाणू मरत नाहीत. उलट त्या उष्णतेने त्यांना उगवण्याची चालना मिळते. प्रतिस्पर्धी जंतू संपलेले असतात, ऑक्सिजन निघून गेलेला असतो आणि या जिवाणूला तो नकोच असतो, शिवाय स्वतःला बनवता न येणारी अमिनो आम्ले त्याला मांसात आयती मिळतात. मांस ५४ अंशांच्या खाली उतरले की त्याची वाढ सुरू होऊ शकते आणि १२ अंशांपर्यंत ती चालू राहते. ४३ ते ४७ अंशांच्या पट्ट्यात तर तो दहा मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, दुप्पट होतो. या हिशेबाने एका पेशीच्या दोन तासांत ४,०९६ आणि तीन तास वीस मिनिटांत दहा लाखांहून अधिक पेशी होतात. अशा जिवंत पेशी मोठ्या संख्येने पोटात गेल्या की त्या आतड्यात पुन्हा बीजाणू बनवतात, त्या वेळी विष बाहेर पडते, आणि ६ ते २४ तासांत पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात.

म्हणून शिजलेले मांस दोन तासांच्या आत, आणि भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत, फ्रिजमध्ये गेले पाहिजे. परंतु अख्खी टर्की तशीच आत सरकवून काम भागत नाही. मांसातून उष्णता फार संथपणे वाहते आणि गार होण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी चौपट झाली तर वेळ ढोबळमानाने सोळापट होतो. बाहेरून गार लागणाऱ्या छातीच्या मांसाचा मधला भाग कित्येक तास नेमक्या त्या धोकादायक पट्ट्यात रेंगाळू शकतो. मांस हाडांवरून सोडवून, काप करून, पाच सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या पसरट डब्यांत ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये, आधी पूर्ण निवू द्यावे, हा सल्ला अशा लहान डब्यांना लागू होत नाही. टर्कीच्या पोटात भरलेले सारणही वेगळे काढावे.

जंतुरोधक लेप असलेल्या डब्यांच्या जाहिरातींना येथे भुलू नये, कारण लेपाचा संबंध फक्त डब्याला टेकणाऱ्या पृष्ठभागाशी येतो आणि वाढ तर मांसाच्या आत होत असते. वासावर विसंबणेही तितकेच घातक आहे. दुर्गंधी येते ती प्रामुख्याने स्यूडोमोनाससारख्या, मांस नासवणाऱ्या जिवाणूंमुळे; रोग निर्माण करणारे जंतू वास, रंग किंवा चव न बदलताही पुरेसे वाढलेले असू शकतात.

फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखाली असेल तर शिजलेली टर्की तीन ते चार दिवस टिकते. त्याहून अधिक नाही, कारण लिस्टेरिया हा दुसरा रोगकारक जिवाणू या तापमानालाही हळूहळू वाढतो. खाण्यापूर्वी ती पुन्हा ७४ अंशांपर्यंत तापवावी. कच्ची ताजी टर्की फ्रिजमध्ये एक ते दोन दिवसच ठेवावी. गोठवलेली असेल तर ती फ्रिजमध्येच वितळवावी, आणि दर दोन किलोंमागे सुमारे एक दिवस धरावा.

उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते, त्यामुळे सतत गोठलेले मांस सुरक्षित राहते. फ्रीझरमधली मुदत चवीची असते. अखंड कच्च्या टर्कीसाठी ती एक वर्ष, तुकड्यांसाठी नऊ महिने आणि शिजलेल्या मांसासाठी दोन ते सहा महिने धरतात. टर्कीच्या मांसात सहज ऑक्सिडीकरण होणारी असंतृप्त मेदाम्ले बरीच असतात, आणि शिजताना स्नायूंतले लोह मोकळे होऊन त्या क्रियेला वेग देते. म्हणून शिजलेली टर्की कच्चीपेक्षा आधी खवट होते. आवेष्टन सैल असेल तर बर्फाची थेट वाफ होऊन मांसावर राखाडी, कोरडे चट्टे पडतात. ते अपायकारक नसतात. तेवढा भाग कापून टाकावा आणि बाकीचे मांस वापरावे.